अल्लाउद्दीन आला नसता तर? : एका लाडक्या प्रश्नाची तपासणी

मराठवाड्यात इतिहासावर चार माणसे बोलायला बसली की तासाभरात एक प्रश्न हमखास निघतो. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला नसता तर? उत्तरही बहुधा ठरलेले असते. मराठी राजभाषा झाली असती, हेमाडपंती देवळे उभी राहत गेली असती, ज्ञानेश्वरीनंतर दोनअडीचशे वर्षांची पोकळी पडली नसती आणि आज मराठवाडा 'मागास' म्हणवला गेला नसता. सभांमधून, स्मरणिकांमधून, कधी दिवाळी अंकांतूनही मी हे उत्तर गेली तीस वर्षे ऐकत आणि वाचत आलो आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. जे थोडे कळते ते छापील लेखसंग्रह वाचून आणि परभणी, बीड, हिंगोलीकडची देवळे पायी पाहून. पण त्या वाचनातून आणि पाहण्यातून माझी एक खात्री झाली आहे. हे उत्तर ज्या पायावर उभे आहे, तो पायाच कच्चा आहे. त्याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

'जर-तर' हा प्रश्नच अडाणी, असे म्हणणाऱ्यांच्या मताचा मी नाही. जयंत नारळीकरांनी पानिपतवर गंगाधरपंतांची कथा लिहिली, ती वाचताना पानिपत जास्त कळते, कमी नाही. एखादी घटना वगळून पाहिली की तिचे वजन किती होते ते समजते. मात्र वगळायची ती नेमकी कोणती घटना, हे आधी ठरवावे लागते. आपण १२९६ वगळतो (जुन्या मराठी पुस्तकांत हे साल १२९४ असे सापडते) आणि त्याच्या अलीकडचा काळ शांत, भरभराटीचा होता असे न तपासता धरून चालतो.

तो काळ शांत नव्हता. भिल्लम पाचव्याने चालुक्यांचे जू झुगारून देवगिरी वसवली ती बाराव्या शतकाच्या अखेरीस. ११९१च्या सुमारास गदगजवळ सोरटूरला होयसळ बल्लाळाने त्याचा दारुण पराभव केला. त्याचा मुलगा जैत्रपाल वारंगळच्या काकतीयांवर गेला. तिकडचा राजा मारला गेला, गणपतिदेव कैदेत पडला आणि पुढे यादवांच्याच मेहेरबानीने गादीवर बसला. सिंघणाच्या कारकीर्दीत पन्हाळ्याचा शिलाहार भोज संपला, माळव्याशी झुंजी झाल्या, गुजरातवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या झाल्या. महादेवाने उत्तर कोकणचे शिलाहार राज्य बुडवले. रामचंद्राच्या काळात साळुव टिक्कम दोरसमुद्रापर्यंत धडकला आणि १२७६ मध्ये बेलवडीला अडला. गंमत अशी, की या मोहिमेचा विजय दोन्हीकडच्या शिलालेखांत कोरलेला आहे. प्रशस्ती वाचायची सवय झाली की अशा गोष्टींचे नवल वाटेनासे होते.

म्हणजे ११९० ते १२९० ही शंभर वर्षे धरली, तर कोणत्या ना कोणत्या सरहद्दीवर यादवांचे सैन्य नाही असे दशक शोधावे लागेल. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन अचलपूरमार्गे देवगिरीपुढे उभा राहिला, तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य सैन्यासह राजधानीत नव्हता. गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्या मिठाच्या निघाल्या, ही हकीकत फिरिश्त्याने सांगितली आहे. तो तीनशे वर्षांनंतरचा, त्यामुळे मिठाची गोष्ट मी फार ताणणार नाही. सैन्य बाहेर होते ही गोष्ट मात्र शंभर वर्षांच्या सवयीशी जुळणारी आहे.

तेव्हा 'दीर्घ युद्ध झाले नसते तर' हा प्रश्न विचारायचा असेल, तर तो खिलजीपासून सुरू होत नाही. तो सोरटूरपासून सुरू होतो. आणि तिथून सुरू केला की उत्तरे गैरसोयीची यायला लागतात.

पहिली गैरसोय अंबाजोगाईची. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर तिथला. त्याचे लेख तिथे आहेत आणि शके ११५०चा, म्हणजे १२२८चा, सकलेश्वराच्या देवळाचा लेखही आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. मागे लहान मूल उरले. रामाची बहीण लक्ष्मी हिने कारभार पाहिला आणि भावाच्या नावाने रामनारायणाचे देऊळ बांधले. त्याचा लेख शके ११६२चा, म्हणजे १२४०चा. हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवले नव्हते. प्रशस्तीच्या भरजरी संस्कृतातूनही मेलेल्या भावासाठी देऊळ बांधणारी बहीण दिसते. पण संशोधक म्हणून दुसरी गोष्टही दिसते. हे देऊळ युद्धाने दिलेले आहे. खोलेश्वराची सत्ता युद्धातून आली, पैसा युद्धातून आला आणि देवळाचे निमित्तही युद्धानेच पुरवले. सिंघण गुजरातला गेला नसता तर राम जगला असता, आणि रामनारायणाचे देऊळ झाले नसते. ज्या देवळांकडे बोट दाखवून आपण 'शांततेचा काळ' म्हणतो, त्यातली कितीतरी अशा सरदारांची आहेत ज्यांचा धंदाच लढाई होता. आमच्या जिल्ह्यातले धारासूरचे गोदाकाठावरचे गुप्तेश्वर मंदिर किंवा चारठाण्याचा मंदिरसमूह पाहताना हा विचार डोक्यात ठेवावा. एवढ्या खांबांचा, एवढ्या कोरीव कामाचा खर्च कुठून तरी आला असेल. नुसत्या शेतसाऱ्यातून तो निघतो का, हे गणित कुणीतरी एकदा बसून करायला हवे.

दुसरी गैरसोय भाषेची. यादव राज्य म्हणजे मराठी राज्य, हे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. यादवांच्या लेखांचा मोठा हिस्सा आजच्या कर्नाटकात आहे आणि कन्नडमध्ये आहे. मराठी लेख आहेत, आणि त्यांचे मोल मोठे आहे. पंढरपूरचा शके ११९५ ते ११९९चा चौऱ्यांशीचा लेख त्यांतला सर्वांत लाडका. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये 'प्राचीन मराठी कोरीव लेख' सिद्ध केले, त्यामुळे आज माझ्यासारख्याला घरबसल्या ते वाचता येतात. पण दरबारात पांडित्याची भाषा संस्कृत होती. हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' संस्कृतात, बोपदेवाचे व्याकरण संस्कृतात, शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' संस्कृतात. मराठीतले मोठे लेखन त्या वेळी दरबाराबाहेर चालले होते. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला झाली. तीत रामचंद्राचा आदराने उल्लेख आहे, पण ती त्याच्या आश्रयाने झालेली नाही. लीळाचरित्र म्हाइंभटाने गोळा केले ते गुरूच्या आठवणी हरवू नयेत म्हणून. आणि त्या गुरूला, चक्रधरांना, छळणाऱ्यांत महानुभाव परंपरा ज्याचे नाव घेते तो हेमाद्री हा यादवांचा श्रीकरणाधिप होता. या परंपरेतला तपशील किती धरायचा याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. तरी एवढे नाकारता येत नाही, की मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्यांनी जपला त्यांच्या स्मरणात देवगिरीचा दरबार हा आश्रयदाता म्हणून नाही.

मग देवगिरी टिकली असती तर मराठी राजभाषा झाली असती, हे कशावरून? झालीही असती. गावपातळीवरच्या दानपत्रांत तिचा शिरकाव होतच होता. पण उत्तरेकडे मराठी, दक्षिणेकडे कन्नड आणि वर संस्कृत असे तीन मजली राज्य पुढची दीडशे वर्षे चालले असते, हीही शक्यता तितकीच खरी आहे. तसे झाले असते तर 'महाराष्ट्र' नावाची राजकीय कल्पना आज आहे त्या रूपात उभी राहिली असती की नाही, याचा मला संशय आहे.

इथे थोडे दूर जाऊन फ्रान्सकडे पाहिले तर बरे. तिथेही हाच प्रश्न विचारला जातो. १३३७ ते १४५३ असे इंग्लंडशी चाललेले युद्ध झाले नसते तर फ्रान्सचे काय झाले असते? कापे घराण्याची थेट शाखा १३२८ मध्ये निपुत्रिक संपली आणि वारसाचा घोळ हे युद्धाचे एक कारण ठरले. (आपल्याकडे १२७१ मध्ये रामचंद्राने चुलतभाऊ आमणदेवाला पकडून, डोळे काढून गादी घेतली. वारसाचे प्रश्न सगळीकडे सारखेच वाईट.) फ्रान्सची गावे उजाड झाली, लूटमार करणाऱ्या टोळ्यांनी प्रांत नासवले, मध्येच १३४८ची प्लेग आली. युद्ध नसते तर लोक सुखी असते यात शंकाच नाही. पण ज्याला आपण फ्रेंच राज्यसंस्था म्हणतो ती त्या युद्धाच्याच भट्टीतून निघाली. १४३९ मध्ये सैन्य उभारणीचा हक्क राजाकडे आला, ताय नावाचा कर कायमचा झाला, १४४५ मध्ये पगारी खडी फौज उभी राहिली. सरदारांच्या हातून तलवार आणि करवसुली दोन्ही निसटू लागली. युद्ध वगळले तर कदाचित सुखी पण सैल, सरदारांच्या मुठीतला फ्रान्स उरतो.

ही तुलना यादवांना लावून पाहिली की खरे दुखणे दिसते. फ्रान्समध्ये दीर्घ युद्धाने मध्यवर्ती कर आणि कायम फौज दिली. यादवांच्या शंभर वर्षांच्या युद्धांनी तसे काही दिल्याचा पुरावा मला लेखांत सापडत नाही. फौज खोलेश्वरासारख्या मांडलिकांची आणि सेनापतींची राहिली. जिंकलेला प्रदेश पुन्हा सरदारांतच वाटला गेला. युद्धाचा खर्च झाला, त्यातून राज्ययंत्र घडले नाही. याच्या बदल्यात शत्रुत्व मात्र पक्के झाले. होयसळ, काकतीय आणि यादव या तिघांना एकमेकांचा द्वेष इतका सवयीचा झाला होता, की १३११ मध्ये मलिक काफूर दोरसमुद्रावर निघाला तेव्हा त्याला वाट दाखवायला यादवांचा दळवी परशुराम गेला. आपल्या व्याख्यानांतून हा प्रसंग सहसा गाळला जातो. १३०७च्या मोहिमेनंतर रामचंद्र दिल्लीला नेला गेला, सहा महिन्यांनी 'रायरायान' हा किताब घेऊन परतला, आणि त्यानंतरची त्याची मदत नुसत्या भीतीपोटी होती असे मला वाटत नाही. दोरसमुद्र पडावे ही देवगिरीची तीन पिढ्यांची इच्छा होती.

याच सुमाराचा एक कागद, म्हणजे तांबेच, आमच्या अगदी शेजारचा आहे. गोदावरीकाठचे पुरुषोत्तमपुरी हे गाव माजलगाव तालुक्यातले. अधिक मासात आमच्याकडूनही लोक तिथे पुरुषोत्तमाच्या दर्शनाला लोटतात. तिथला रामचंद्राचा ताम्रपट शके १२३२चा, म्हणजे १३१०चा. वा. वि. मिराशींनी तो संपादित केला. अग्रहार दानाचा हा पट रामचंद्राच्या विजयांचे वर्णन करतो, आणि त्यात वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवल्याचाही दावा आहे. साल पुन्हा पाहावे. १३१०. राजा तीन वर्षांपूर्वी दिल्लीत कैदी होता आणि खंडणी भरत होता. ताम्रपट लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? माझ्या मते आपले आजचे 'जर-तर' वाङ्मय याच ताम्रपटाच्या घराण्यातले आहे. पराभव झालाच नाही असे म्हणता येत नाही, म्हणून तो झाला नसता तर काय, हे सोन्याच्या अक्षरांत लिहायचे.

वि. का. राजवाड्यांनी 'महिकावतीची बखर' छापताना प्रस्तावनेत वेगळा प्रश्न विचारला होता. राज्य कुणाचे याबद्दल गावकरी एवढे उदासीन का? त्यांच्या उत्तराशी मी सहमत नाही; अन्न सहज मिळत होते म्हणून माणसे राज्याबद्दल बेफिकीर होती, हे मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारात उभे राहून म्हणता येणार नाही. पण प्रश्न अचूक होता. ज्या राज्याने शंभर वर्षे सैन्य बाहेर पाठवले आणि गावाला त्यातून काही दिले नाही, ते पडल्यावर गावाने का रडावे?

आता खऱ्या नुकसानीबद्दल, कारण नुकसान झालेच नाही असे म्हणणाऱ्यांतलाही मी नव्हे. १३१३ मध्ये शंकरदेव आणि १३१८ मध्ये हरपाळदेव मारला गेल्यावर दगडी देवळांची परंपरा इकडे तुटली, हे डोळ्यांना दिसते. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण परिणाम असा की मराठी गद्याचा मोठा ठेवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाकी समाजाला वाचता आला नाही. १३२७ मध्ये तुघलकाने राजधानीच इथे आणली आणि काही वर्षांत परत नेली. १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकल्याचे परंपरा सांगते. त्याला खिलजी जबाबदार नव्हता. एवढी मोठी उलथापालथ एका सालावर टांगली की दुष्काळही त्याच खुंटीला जाऊन बसतो.

आणि अंधाराच्या कल्पनेला सर्वांत जोराचा धक्का बसतो तो आमच्या पाथरीत. पाथरीचे जुने नाव पार्थपूर. इथे राहणाऱ्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यानंतर एवढ्या विस्ताराचा नवा सिद्धान्तग्रंथ कुणी लिहिला नव्हता. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये भास्कराच्या बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिल्या. शिवाय डावीकडून वाचले तर रामाची आणि उजवीकडून वाचले तर कृष्णाची कथा निघेल असे काव्य रचले. या घराण्याची वंशावळ आपला मूळ पुरुष देवगिरीच्या राजा रामाच्या आश्रयाला होता असे सांगते. म्हणजे ज्या दरबाराबरोबर सगळे बुडाले असे आपण समजतो, त्या दरबारातली विद्या दोनशे वर्षांनी पाथरीला जिवंत होती.

कुठल्या परिस्थितीत जिवंत होती? शांततेत मुळीच नाही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाथरीसाठी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या. निजामशहांचा हट्ट असा, की आपला मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला, तेव्हा ते गाव आपल्याला हवे. फिरिश्त्याने ही हकीकत दिली आहे. गाव आज याचे तर उद्या त्याचे. आणि त्याच गावात, त्याच वर्षांत, एक माणूस लीलावतीतली उदाहरणे सोडवून दाखवत बसला होता. शिकलेल्या माणसांनी कुलकर्ण, देशपांडेपण आणि पंचांग या तीन खुंट्यांना धरून विद्या तगवली. राज्ये बदलली तरी सारा मोजावा लागतो आणि मुहूर्त काढावा लागतो.

भास्कराचा नातू चांगदेव याने खानदेशात चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला निकुंभ सरदारांनी दान दिले आणि १२०७च्या सुमाराचा त्याचा लेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. हा मठ आपल्या लेखनात नेहमी येतो, कारण तो यादवकाळातला. पाथरी मात्र येत नाही. शं. बा. दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ मध्ये छापले, त्यात हे सगळे आहे. परभणीत मी पाथरीबद्दल विचारले तर लोक साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद सांगतात; ज्ञानराजाचे नाव ऐकलेले मला क्वचितच कुणी भेटले. आमच्या सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे, ती गावकऱ्यांनी अलीकडे श्रमदानाने मोकळी केली. तसे काही या ग्रंथांचे व्हायला हवे.

तेव्हा 'दीर्घ युद्ध नसते तर' हा प्रश्न मला विचारायचाच असेल तर मी तो देवगिरीला विचारणार नाही. गोदावरीच्या उत्तर काठावर गोलग्राम नावाचे गाव होते. तिथले दिवाकराचे घराणे ज्योतिषात नावाजलेले. दिवाकर हा नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य. हे घराणे पुढच्या पिढ्यांत काशीला गेले. नुसत्या तीर्थयात्रेसाठी माणसे अशी कुळासकट उठत नाहीत. गोदाकाठी सतत पालटणाऱ्या ठाणेदारांत आश्रय आटला का, की काशीत जास्त विद्यार्थी आणि जास्त दक्षिणा होती? याची उत्तरे त्यांच्या ग्रंथांच्या प्रस्तावनाश्लोकांतून आणि त्या काळच्या पाथरी सरकारच्या महसुली नोंदींतून शोधावी लागतील, आणि ते काम एकट्याचे नाही. माहीत आहे ते एवढेच, की त्याच कुळातल्या कमलाकराने 'सिद्धान्ततत्त्वविवेक' १६५८ मध्ये पुरा केला तो काशीत बसून.